समितीने निवडणूक लढवावी का? की पक्षाचा झेंडा आला की आंदोलन मेलं?

बांधकरी
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या भागातून सरकारचा एक मोठा रस्ता जाणार आहे. कुठला ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर सगळे त्या रस्त्यावरच भांडत बसाल. आठ गावांची बचाव समिती आहे आणि मी तिचा चिटणीस. म्हणजे निवेदनं लिहायची, पोचपावत्या फायलीला लावायच्या, वर्गणीचा हिशेब ठेवायचा. दोन वर्षांत तीन वेळा मोजणी परत पाठवली. एकदा तर बायका रात्रभर बांधावर बसून होत्या, थंडीचे दिवस होते.

समितीत सगळ्या पक्षांची माणसं आहेत, राज्यात ज्यांची सत्ता आहे त्यांचीसुद्धा. आजवर हेच आमचं बळ होतं. आता जिल्हा परिषद तोंडावर आली आणि तीच भानगड झाली. पोरं म्हणतात, आपल्या गटात समितीचा उमेदवार उभा करू, सत्ताधाऱ्यांना पाडू, मग बघा रस्ता कसा येतो. विरोधी पक्षाचे तालुकाध्यक्ष म्हणतात, माणूस तुमचा, बी फॉर्म (पक्षाच्या उमेदवारीचा कागद) आमचा. आमचे अध्यक्ष आणि जुनी मंडळी म्हणतात, झेंडा आला की आंदोलन संपलं.

रविवारी बैठक आहे. ज्यांनी असं काही केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. नुसती तत्त्वं नकोत, ती आमच्या पारावर भरपूर आहेत.

खवचट
आधी सांगा, वर्गणीचा हिशेब जुळतो का? जुळत असेल तर तुमची समिती निवडणुकीला अजून लायक झालेली नाही.

बांधकरी
साडेतीनशे रुपये जुळत नाहीत. चहाचे असावेत.

खवचट
मग आशा आहे.

चष्मेवाला
आपल्याकडे आंदोलनाने निवडणूक लढवल्याचं सर्वांत मोठं उदाहरण संयुक्त महाराष्ट्र समितीचं. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात समिती झाली. कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका मांडवात बसली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडातून थोडक्यात वाचले. तरी सरकार काँग्रेसचंच आलं, कारण द्वैभाषिक राज्यात गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याने हात दिला.

पुढचं जास्त महत्त्वाचं. १ मे १९६० ला राज्य मिळालं. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा! ज्यांच्याशी लोक पाच वर्षं लढले, त्यांनाच लोकांनी डोक्यावर घेतलं. मागणी पुरी झाली की लोकांचा राग संपतो आणि रागावर उभी राहिलेली समितीही संपते. बांधकरी, तुमचा रस्ता रद्द झाला तर तुमच्या निवडून आलेल्या सदस्याने पुढची पाच वर्षं काय करायचं, हे आधी ठरवा.

अडकित्ता
चष्मेवाला, अर्धवट सांगताय. १९५७ ला झटका बसला म्हणूनच तर दिल्लीला ऐकू आलं. नुसते मोर्चे निघत राहिले असते तर आणखी दहा वर्षं निघाले असते. फ्लोरा फाउंटनला नोव्हेंबर १९५५ मध्ये गोळीबार झाला, माणसं गेली, तरी सरकार ढिम्म होतं. मतं गेली तेव्हा हललं. आणि समिती संपली तर संपली. समिती काय अमरपट्टा घेऊन आलेली असते का? काम झालं, सतरंजी गुंडाळा.

चष्मेवाला
सतरंजी कोणाच्या घरी गेली यावर पुढे दहा वर्षं भांडणं झाली, त्याचं काय?

पेणकर
मी उलट बाजूचा साक्षीदार. महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) आमच्या जमिनी घेणार होते, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि घरची जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात. २१ सप्टेंबर २००८ ला बावीस गावांत शेतकऱ्यांचं जनमत घेतलं. सरकारी यंत्रणेने घेतलं बरं का, आम्ही पारावर हात वर करून नाही. आजोबा धुतलेलं धोतर नेसून गेले होते, लग्नाला जावं तसे. निकाल सरकारने अधिकृतपणे जाहीरच केला नाही. का केला नसेल ते तुम्हीच ओळखा.

त्या लढ्यात एन. डी. पाटील होते, म्हणजे शेकाप होताच. पण गावच्या बैठकीत झेंडा नसायचा. आणि गंमत म्हणजे आम्ही सत्ताधाऱ्यांना पाडलं वगैरे नाही. २००९ ला राज्यात पुन्हा तेच आघाडी सरकार आलं. प्रकल्प मेला तो मुदतीने. तेव्हाच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम ६ ची घोषणा झाल्यापासून दोन वर्षांत निवाडा करावा लागायचा, नाहीतर सगळं रद्द. आम्ही काय केलं? दोन वर्षं काढली. हरकती, सुनावण्या, मोर्चे, परत हरकती. एकेका माणसाची वेगळी हरकत, एकाच नमुन्यावर शंभर सह्या नाहीत. जुने लोक म्हणायचे, आपल्याला जिंकायचं नाही, फक्त हरायचं नाही, तारीख निघून जाईपर्यंत.

खवचट
म्हणजे घड्याळाविरुद्ध लढले आणि घड्याळावरच जिंकले.

तलाठीपुत्र
पेणकर, तो काळ गेला. आता बहुतेक रस्त्यांना महाराष्ट्र महामार्ग कायदा १९५५ लावतात. आणि लोक २०१३ च्या कायद्यातलं 'संमती, संमती' घेऊन बसतात. ती ८० टक्के संमती खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर, आणि ७० टक्के भागीदारीतल्या प्रकल्पाला. सरकार स्वतःसाठी घेतंय म्हटल्यावर संमती कोणी विचारतच नाही. त्यामुळे बांधकरी, मुदतीवर विसंबून राहू नका. कुठल्या कायद्याखाली नोटीस आली ते आधी नीट वाचा. आमचे वडील आयुष्यभर नोटिसा वाटत फिरले. ते म्हणतात, शंभरातले पाच जण नोटीस शेवटपर्यंत वाचतात आणि त्या पाचांचीच साहेबाला धास्ती असते.

सड्यावरची
राजापूर तालुक्यातून लिहितेय. 'विरोधी पक्ष बी फॉर्म देतो' हे वाचून हसू आलं, म्हणून लॉगिन केलं.

नाणारच्या रिफायनरीला शिवसेनेचा विरोध होता. तेव्हा ती स्वतः सत्तेत होती, पण ते सोडा. २०१९ च्या लोकसभेआधी युतीची घोषणा झाली त्यातच नाणार रद्द करायचं ठरलं. आम्ही पेढे वाटले. मग सरकार बदललं. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. नाणार नको तर बारसू, जसं काही आम्ही गावाच्या नावाला विरोध करत होतो! पुन्हा सरकार बदललं. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं, पोलीस आले, अश्रुधूर, लाठ्या. बायका कातळावर आडव्या झाल्या होत्या, उन्हात, एप्रिलच्या. आणि मे महिन्यात उद्धव ठाकरे आम्हाला पाठिंबा द्यायला आले.

मी कोणा एका पक्षावर राग काढत नाहीये. पाठिंबा आला तेव्हा बरंच वाटलं, खोटं का बोलू. पण विरोधात असताना पक्ष जे बोलतो ते त्या खुर्चीचं बोलणं असतं. खुर्ची बदलली की बोलणं बदलतं.

अडकित्ता
हे एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पापासूनच चालू आहे. १९९५ च्या प्रचारात युतीवाले एन्रॉन अरबी समुद्रात बुडवणार होते. सत्ता आली, ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. आणि पुढच्या काही महिन्यांत फेरवाटाघाटी करून तोच प्रकल्प पुन्हा मंजूर. गुहागरच्या लोकांनी लाठ्या आधी एका सरकारच्या खाल्ल्या, मग दुसऱ्याच्या. शेवटी २००१ मध्ये वीज बंद झाली ती आंदोलनामुळे नव्हे, ती वीज राज्य वीज मंडळाला परवडेना म्हणून.

खवचट
थोडक्यात, समुद्र तिथेच आहे, बुडवणारे बदलले.

बूथवाला
मी सत्ताधारी पक्षाचा बूथप्रमुख आहे, वेगळ्या जिल्ह्यातला. शिव्या घालायच्या असतील तर रांगेत या.

आमच्या तालुका बैठकीत मोर्च्याला किती माणसं होती यावर कोणी पाच मिनिटंही बोलत नाही. बूथनिहाय आकडे उघडतात. २०२४ च्या लोकसभेला महायुतीला ४८ पैकी १७ जागा. कांदा, सोयाबीन, आरक्षण, सगळ्यांचा राग त्यात होता. सगळे म्हणाले, गेलं सरकार. पाच-सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच महायुतीला २८८ पैकी २३० जागा. मधल्या काळात काय झालं? लाडक्या बहिणीच्या खात्यात महिन्याला दीड हजार आले. आणि आमच्या लोकांनी घरोघरी जाऊन विचारलं, आले का? नाही आले तर फॉर्म भरून दिला. तुमचे लोक तेव्हा काय करत होते? भाषणं. बांधकरी, तुमच्या बांधावर रात्रभर बसलेल्या बायकांपैकी किती जणींनी विधानसभेला आम्हाला मत दिलं, विचारून बघा. राग मानू नका, विचारून खरंच बघा.

रानवारा
बूथवाला, आकडे बरोबर, पण एक गोष्ट सोयीने गाळलीत. त्याच लोकसभेनंतर नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचं काय झालं? कोल्हापुरात फटका बसला, म्हणून विधानसभेआधी कोल्हापूर जिल्ह्यापुरती अधिसूचना मागे घेतली. आणि निवडून आल्यावर ८०२ किलोमीटरचा तोच रस्ता परत आला, २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरीही झाली. लोक १ जुलैला, कृषिदिनी, पुन्हा पंचगंगेच्या पुलावर. म्हणजे मत मागायचं असतं तेव्हा तुम्हाला आमचं ऐकू येतं, मोजून झालं की कानात बोळे.

बूथवाला
मग मान्य ना, की मताच्या वेळीच ऐकू येतं? मी तेच म्हणतोय. तेवढ्या दोन महिन्यांत काय पदरात पाडून घेता ते बघा.

गुळाचा_चहा
आणि शाळेत पहिलीपासून हिंदीचं? एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, मग जूनचा सुधारित, आणि २९ जूनला दोन्ही रद्द. जमीन-बिमीन सोडा, भाषा धरा.

तलाठीपुत्र
भाषेचा कागद मागे घेतला तर सरकारचं एका सहीत भागतं. रस्त्यात ठेकेदार असतो, कर्ज असतं, आणि शेजारच्या गावात आधीच जमिनी घेऊन ठेवलेले असतात. त्यांची समिती नसते, पण ते रोज मंत्रालयात असतात.

लालटोपी
मी सुरगाणा भागातली. वर कोणी म्हणालं की झेंडा आला की आंदोलन मेलं. आमचा झेंडा पहिल्या दिवसापासून लालच होता, टोपीपण लाल. २०१८ च्या मार्च महिन्यात सहा तारखेला शेतकऱ्यांच्या मोर्च्यात नाशिकहून निघालो, बाराला मुंबईत होतो. पायाची सालटी निघाली होती. चुनाभट्टीला सोमय्या मैदानावर पोचलो तेव्हा कळलं, सकाळी दहावीच्या पोरांचा पेपर आहे. मग रात्रीच उठून आझाद मैदानाला चालत गेलो. मुंबईची माणसं रस्त्यात पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभी होती. ते कधी विसरणार नाही.

सरकारने लेखी दिलं. तरी २०१९ ला परत निघावं लागलं, २०२३ ला परत. वनपट्ट्यांचे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचे दावे अजून लोंबकळत आहेत बऱ्याच जणांचे. ज्यांच्या मागे आम्ही चाललो ते आमदार जे. पी. गावित २०१९ ला पडले. होय, पडले. मोर्च्यात चाललेल्या सगळ्यांनी त्यांना मत दिलं असं नाही. माझ्या भावानेच नाही दिलं. विचारलं तर म्हणतो, पट्ट्यासाठी चाललो, आमदारकीसाठी नाही.

म्हणून मला वाटतं झेंडा असला-नसला यावर काही नाही. जेवण कोण बांधून देतं, आजारी पडलं तर कोण गाडी बघतं, त्यावर असतं. आमच्याकडे गावागणिक घरटी तांदूळ गोळा झाले होते. तुमच्या आठ गावांत तेवढं होतं का?

बांधकरी
ताई, तांदूळ होतो. गाडी होत नाही.

इथलं वाचून रात्री झोप लागली नाही. बूथवाला, तुमचं ऐकून आईलाच विचारलं. ती त्या रात्री बांधावर होती. म्हणाली, "दिलं मत त्यांनाच. त्यांचे पैसे आले, खोटं कशाला बोलायचं. पण म्हणून रान नाही द्यायची." मी गप्प.

आणि आणखी एक. समितीतला एक गडी सत्ताधारी पक्षाचा गणप्रमुख आहे. महिना झाला, बैठकीला येत नाही. वरून सांगितलंय म्हणतो. त्याची आई मात्र येते, डबा घेऊन.

आजीचं_लाटणं
बांधकरी, तुमच्या आईला नमस्कार सांगा.

मी मुंबईत वाढले. आमच्या लहानपणी आई लाटणं घेऊन मोर्च्याला जायची, घरी पोळ्या वाटीने लाटायच्या. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर. मृणालताईंचं बघा, गोरेगावातल्या नळाच्या पाण्यापासून सुरुवात, १९६१ ला नगरसेवक, १९७२ ला आमदार, १९७७ ला खासदार. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा तेव्हाची. लोकांनी त्यांना निवडून दिलं कारण नळाला पाणी आणण्याचा प्रश्न महापालिकेतच सुटणार होता. तुमचा रस्ता जिल्हा परिषदेत सुटणार आहे का? नसेल तर तिथे माणूस पाठवून तो करणार काय? ठराव?

तलाठीपुत्र
आजी, नेमका मुद्दा. जिल्हा परिषदेचा या रस्त्याशी काडीचा संबंध नाही. ठरावच करायचा तर ग्रामसभेचा करा, तो निदान कोर्टात लावता येतो. गणपूर्ती बघा, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. आणि ठरावाची नक्कल त्याच दिवशी सहीशिक्क्यानिशी घ्या. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाचा रजिस्टर पंचायत समितीत गेलेला असतो.

अडकित्ता
ग्रामसभेवर आठवलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची घोषणा काय होती? 'दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' त्यांनी कोणाला पाडायच्या भानगडीत न पडता बांबूचा हक्क मिळवला. पण त्यांच्यामागे पेसा (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा होता. बागायतदार गावांकडे तसलं काही नाही.

शून्यठोक
एक व्यावहारिक. पोरांना उमेदवारीच्या आधी विचारा, कोणावर गुन्हे आहेत. शासकीय कामात अडथळ्याचं कलम लागलं असेल तर (जुनं ३५३, आता न्यायसंहितेत १३२) पोलीस भरती, पासपोर्ट, सगळीकडे आडवं येतं. माझ्यावर एका रास्ता रोकोचं आहे. सरकार अधूनमधून राजकीय आंदोलनातले खटले मागे घ्यायचं जाहीर करतं, पण कोर्टाची परवानगी लागते आणि तारखा आपल्यालाच कराव्या लागतात. आंदोलनातले नेते आता दोन वेगवेगळ्या पक्षांत आहेत आणि तारखेला फक्त मी आणि एक म्हातारे काका. ते काका येताना शेंगा आणतात, एवढंच सुख.

खवचट
शेंगा कुठल्या, शेवगा की भुईमूग?

शून्यठोक
भुईमूग. भाजलेल्या.

रानवारा
माझं मत. उमेदवार उभा करू नका. सगळ्या उमेदवारांना आठही गावांसमोर बोलवा आणि रस्त्याला विरोध असल्याचं प्रतिज्ञापत्र लिहून घ्या, स्टॅम्पपेपरवर.

खवचट
शंभरचा स्टॅम्प बंद झालाय, आता पाचशेचा लागतो. साडेतीनशे तर आधीच जुळत नाहीत.

सड्यावरची
आमच्याकडे लेखी देणारे खूप झाले. कागद आहेत अजून. वाळवी लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेत.

पेणकर
प्रतिज्ञापत्राने उमेदवार नाही बांधला जात हे खरं, पण समोरासमोर बोलावलं की कोण येत नाही ते गावाला दिसतं. तेवढ्यासाठी करा. आणि बांधकरी, तुमच्या त्या गणप्रमुखाला समितीतून काढू नका. त्याची आई येते तोवर तो तुमचाच आहे.

बूथवाला
पेणकरांचं बरोबर आहे. असा माणूस आमच्या बैठकीत बसून अस्वस्थ झालेला आम्हाला जास्त महाग पडतो.

बांधकरी
कालची बैठक झाली, रात्री दीडपर्यंत चालली. उशिरा लिहितोय, माफ करा.

ठरलं असं. समितीच्या नावाने उमेदवार नाही. कोणाला लढायचं असेल त्याने पदाचा राजीनामा द्यायचा. सगळ्या उमेदवारांना देवळासमोर बोलवायचं, प्रतिज्ञापत्र न घेता, नुसतं बोलायला लावायचं आणि मोबाइलवर टिपून ठेवायचं. ग्रामसभेचे ठराव आठही गावांत एकाच आठवड्यात. पोरं नाराज आहेत, दोघं उठून गेले. त्यांचंही चूक नाही, दोन वर्षं दगडं उपसली ती त्यांनीच.

आणि ठराव लिहून होतोय तोच आमच्या अध्यक्षांनी खिशातून कागद काढला. झेंडा आला की आंदोलन संपलं म्हणणारे तेच अध्यक्ष. राजीनामा. टाइप केलेला.

खवचट
टाइप केलेला!!! बैठकीआधीच?

अडकित्ता
कुठल्या चिन्हावर?

बांधकरी
अपक्ष म्हणतात. देवळात कोणी काही बोललं नाही. त्यांची सून उठली आणि चहाचे कप गोळा करायला लागली.

तर आता चिटणीसही मीच आणि हंगामी अध्यक्षही मीच. सकाळी प्रांत ऑफिसची नोटीस आली. गुरुवारी मोजणी, पोलीस बंदोबस्तासह. वर शून्यठोक यांनी लिहिलंय ते पोरांना वाचून दाखवलं.

तलाठीपुत्र
नोटीस कुठल्या कलमाखाली आहे? फोटो टाका, गट नंबर झाकून.

लालटोपी
किती वाजता येणार आहेत? जीप मिळाली तर आम्ही चौदा-पंधरा जणी येऊ शकतो. तांदूळ आणू का, की आहे?